मुदतीतला उकार

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, लालबागजवळच्या एका जुन्या वाचनालयात गेलो होतो. आमच्या चाळीपासून ते चालत दहा मिनिटांवर. लहानपणी बालविभागाचा सभासद होतो, आणि २००९ साली तिथल्या देवघेवीचा प्रोग्राम मीच लिहून दिला. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा फेरी होते. कधी प्रिंटर रुसलेला असतो, कधी बॅकअप घ्यायचा असतो. त्या संध्याकाळी दारात ओल्या छत्र्यांचा ढीग होता, लादीवर चिखलाची पावलं उमटली होती आणि जुन्या कागदांना पावसाळ्यात येतो तो गोडसर, कुबट वास सगळीकडे भरून होता. काउंटरवर एक आजोबा उभे होते. पुस्तक त्यांनी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणलं होतं. बाईंनी त्यांचा क्रमांक टाकला आणि नेहमीच्या सवयीने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. आजोबा वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "मदत संपली." मग जरा थांबून बाईंकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"मुदत हो, मुदत. तीन दिवस वर झालेत," बाई म्हणाल्या. आजोबांनी मान डोलावली, खिशातून सुटे पैसे काढून ठेवले आणि दुसरं पुस्तक शोधायला कपाटांकडे गेले. त्यांच्यापुरता विषय तिथेच संपला. मी मात्र मॉनिटरसमोर खिळून राहिलो. लाल अक्षरांत खरोखरच 'मदत संपली' असं दिसत होतं. दोन महिन्यांपूर्वी बाईंचा फोन आला होता, "अरे, अक्षरं जरा मोठी होतील का रे? संध्याकाळी काही दिसत नाही बघ." मी घरूनच अर्ध्या तासात सोय करून दिली होती. अक्षरं मोठी झाली. पण ती ज्या चौकटींत बसतात ती लेबलं ज्या उंचीची होती त्याच उंचीची राहिली.

उकार कापला गेला होता.

मग वरपासून खालपर्यंत अख्खा पडदा वाचून काढला. पुस्तकाचं पस्तक झालं होतं, शुल्काचं शल्क. 'रुपये' तेवढं शाबूत होतं, कारण र चा उकार खाली लटकत नाही, तो त्याच्या पोटाशी असतो. देवनागरीची ही ठेवण मी जन्मापासून बघतोय, पण कुठला उकार वाचतो आणि कुठला जातो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रोमन अक्षरांत g किंवा y चं शेपूट तुटलं तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर एक मजला आणि अक्षराच्या खाली एक तळघर. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर. उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं खाली. तळघर बुजवलं तर शब्द धूसर होत नाही, वेगळाच शब्द होतो, आणि कधीकधी तोही धडधाकट, अर्थ असलेला. म्हणून तर बाईंनी ते दोन महिने खपवून घेतलं. त्यांना वाटलं, मोठ्या अक्षरांचं असंच असणार.

त्या रात्री मुलुंडला घरी आल्यावर त्या पडद्याची फाइल उघडली. विनफॉर्म्स हे विंडोजवरच्या प्रोग्रामचे पडदे बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन; ही फाइल त्यातला डिझायनर (माऊसने पडदा मांडायची सोय) स्वतःच लिहितो आणि आत सूचनाही लिहून ठेवतो की यातला मजकूर हाताने बदलू नये. मी ती सूचना इतकी वर्षं पाळली होती, म्हणजे फाइल कधी नीट वाचलीच नव्हती. आता वाचली. पानंच्या पानं आकडे. हे लेबल डावीकडून १२, वरून १४८. रुंदी १२०, उंची २०. आपोआप वाढण्याची सोय बंद. ती मीच बंद केली होती, कारण सगळी लेबलं एका मापात दिसली की पडदा नीटनेटका वाटायचा. तेव्हा अक्षर नऊ पॉइंटांचं होतं, २० पिक्सेल पुरायचे. आता बारा झालं. त्या फाइलमध्ये १४८ का, २० का, याचं उत्तर कुठेही नव्हतं. खालचं बटण वरच्या लेबलाच्या खाली आहे ही साधी गोष्टसुद्धा त्यात लिहिलेली नव्हती. दोघांचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी केली की ती कळायची.

पण २००९ सालचा आनंद मला खोटा ठरवायचा नाही. रविवारच्या दुपारी, पंख्याखाली बसून, टूलबॉक्समधून बटण उचलायचं आणि करड्या फॉर्मवर सोडायचं. दुसरं बटण जवळ नेलं की दोघांच्या कडा जुळल्याचं सांगणारी निळी रेघ उमटायची. ती रेघ दिसली की हात थांबायचा. घर सजवल्यासारखं वाटायचं. कोडची एक ओळ न लिहिता प्रोग्रामला चेहरा यायचा, आणि तो मी बाईंना त्याच संध्याकाळी दाखवू शकायचो. त्यांनी बोट ठेवून सांगायचं, "हे इकडे घे," आणि मी तिथल्या तिथे घ्यायचो. त्या सोयीत टेबललेआउटपॅनेलसारख्या जागा वाटून देणाऱ्या चौकटीही होत्या. मी त्यांना हात लावला नाही. माऊसने हवं तिथे ठेवता येत असताना रकाने आणि ओळी कोण आखत बसणार, असं मला वाटायचं. चूक अवजाराची नव्हती. त्या अवजाराने मला एक क्षण दाखवला, माझ्याच मॉनिटरवरचा, माझ्याच डोळ्यांना पुरेल एवढ्या अक्षरांचा, आणि तोच क्षण मी कायमचा धरून बसलो.

सगळं पुन्हा लिहायचं ठरवलं, आणि या वेळी पडदा कोडमध्येच मांडायचा. प्रोग्राम लिहायची पायथन ही भाषा रोजच्या वापरातली, म्हणून आधी तिच्यातलं पडदे उभारायचं साधन, टीकिंटर घेतलं. त्याच्या मुळाशी असलेलं टीके जॉन औस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला असताना लिहिलं, आणि त्यातली पॅक आणि ग्रिडची पद्धत अजूनही मला फार देखणी वाटते. चार दिशांची आद्याक्षरं लिहिली की चौकटीच्या कुठल्या कडांना चिकटायचं ते वस्तूला कळतं. पण माझ्या लिनक्सच्या मशिनवर 'सभासद निवडा' असं लिहिलं आणि पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. तिथे टीके अक्षरं एकेक करून नुसती ओळीने मांडतं; आपली वेलांटी उच्चारायला नंतर आणि दिसायला आधी, हे त्याला माहीत नसतं. उकार वाचवायला निघालो होतो आणि वेलांटी हरवत होती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, मग क्यूटी नावाच्या, पडदे उभारायच्या दुसऱ्या साधनाकडे वळलो.

क्यूटीत उभी पेटी असते, आडवी पेटी असते, जाळी असते. पेटीत पेटी ठेवायची. आपण फक्त क्रम सांगायचा: वर सभासदाची माहिती, तिच्याखाली पुस्तकांचा तक्ता, त्याच्याखाली बटणांची ओळ. कुणी किती पिक्सेलांवर बसायचं, हे बोलायचंच नाही. विंडो उघडायच्या आधी पेटी आपल्या आतल्या प्रत्येकाला विचारते, तुला किती जागा लागेल? लेबल आपला मजकूर आणि आपला फॉन्ट बघून उत्तर देतं, आणि त्या उत्तरात वरचा मजलाही धरलेला असतो, तळघरही. बटण आपलं सांगतं. ही उत्तरं आतून बाहेर गोळा होत जातात, सगळ्यांत बाहेरच्या पेटीपर्यंत. मग खरी जागा कळते आणि वाटप उलट्या दिशेने, बाहेरून आत सुरू होतं. जास्तीची जागा कुणाला द्यायची ते मी सांगितलेलं असतं: तक्त्याला द्या, बटणांना नको. 'मुदत वाढवा' आणि 'परत घेतलं' ही बटणं उजवीकडे हवीत तर त्यांच्या आधी एक ताण टाकायचा. ॲडस्ट्रेच, एवढीच एक ओळ. दिसत नाही, पण मोकळी जागा सगळी पिऊन टाकते आणि बटणांना उजव्या भिंतीशी नेऊन उभं करते. फॉर्मच्या डाव्या रकान्याची रुंदीही मी ठरवली नाही. तिथलं सगळ्यांत लांब लेबल, 'सभासदत्वाचा प्रकार', ती ठरवतं आणि बाकीची लेबलं त्याचं ऐकतात.

पहिल्यांदा चालवून पाहिलं आणि अक्षर नऊवरून बारा केलं, बारावरून सोळा. एकेक ओळ थोडी खाली सरकली, तक्त्याने आपली थोडी जागा सोडली. म च्या खाली उकार होता. मी उगाचच चार-पाच वेळा लहानमोठं करून बघत बसलो.

लेआउटला मी मनात नेहमी मांडणी म्हणतो, आणि मांडणी म्हटलं की आमच्या चाळीतली भांड्यांची मांडणी डोळ्यांपुढे येते. स्टीलची, तांबाकाट्यावरून घेतलेली, टॅक्सीच्या टपावर बांधून आणलेली. बाबांनी ती मोरीच्या वरच्या भिंतीवर ठोकली तेव्हा शेजारची माणसं बघायला आली होती. ताटांना उभ्या खाचा, कपांना आकडे, पेल्यांना कठडा, चमच्यांना जाळीचा डबा. प्रत्येक भांड्याची जागा कारखान्यातच ठरलेली. पुढे आत्याने सहा मोठी ताटं दिली, काठ असलेली, जड. ती खाचांत बसेनात. तिरकी करून बसवली तर पहाटे नळाला पाणी आलं की मोरीतल्या बादल्यांच्या धक्क्याने एखादं हमखास खाली यायचं आणि अख्खा मजला जागा व्हायचा. बाबा म्हणाले, खाचा वाकवून रुंद करू. आईने ते होऊ दिलं नाही. तिने मोठी ताटं डब्यांच्या मागे भिंतीला टेकवून उभी केली, त्यासाठी डबे चार बोटं पुढे घेतले, डब्यांपुढची बरणी खिडकीत नेली. भिंतीवर ठोकलेली ती मांडणी आणि आईने केली ती पण मांडणी. शब्द एकच आहे, आणि मी २००९ साली पहिलीच तेवढी शिकलो होतो.

रात्रीची मांडणी आणखी वेगळी. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. जेवणं झाली, लादी पुसली की गाद्या उतरायच्या. आजोबा दाराशी, कारण रात्री त्यांना उठून गॅलरीच्या टोकाला जावं लागायचं. त्यांच्याशेजारी आजी. आई-बाबा मोरीच्या बाजूला, पहाटे पाणी भरायचं असतं म्हणून. मधे आम्ही दोघं भावंडं, आणि कपाटाजवळ काका. काकांची रात्रपाळी असली की त्यांची जागा रिकामी राहत नसे. आम्ही दोघं पसरायचो, कपाटापर्यंत. गावाहून कुणी आलं की आम्हीच आकसायचो, कारण आकसण्याची तयारी आमची सगळ्यांत जास्त. आजोबांची गादी एक इंचही हलत नसे. कुणी कधी टेप लावून मोजलं नाही. कुणी कुणाच्या शेजारी, कुणाला हलवायचं नाही, उरलेली जागा कुणाची आणि कमी पडली तर कुणी आवरतं घ्यायचं, एवढंच ठरलेलं होतं. त्यावर त्या खोलीत दोन लग्नांचे पाहुणे झोपून गेले.

क्यूटीच्या कागदपत्रांत साइझ पॉलिसी नावाचं प्रकरण आहे. फिक्स्ड म्हणजे हलणार नाही, प्रेफर्ड म्हणजे एवढी मिळाली तर बरं पण जमवून घेईन, एक्सपांडिंग म्हणजे द्याल तेवढी घेईन. ते वाचताना मला एकही उदाहरण शोधावं लागलं नाही.

कॉलेजात हेच मी कंटाळून शिकलो होतो. तेव्हा जावा ही प्रोग्रामची भाषा होती, आणि तिच्यात ग्रिडबॅग नावाचा एक लेआउट, ज्यात प्रत्येक बटणासाठी रकाना, ओळ, वजन, भरण, नांगर म्हणजे टेकायची बाजू, कडेची जागा असं सगळं भरून द्यावं लागायचं. परीक्षेत वहीवर लिहायला यायचं. का, हे कुणी सांगितलं नाही. नंतर कळलं की १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तीच एक प्रोग्राम सगळ्या मशिनांवर चालवायच्या बोलीवर. विंडोजवरचं बटण, मॅकवरचं बटण आणि सन कंपनीच्या सोलारिसवरचं बटण एका मापाचं नसायचं, अक्षरं वेगळी, जाडी वेगळी, म्हणून पक्के आकडे तिथे टिकलेच नसते. त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी छपाईसाठी टेक हा प्रोग्राम लिहिला तेव्हा पान म्हणजे पेट्या आणि पेट्यांमधली ताणणारी-आकसणारी जागा, असाच विचार केला होता. त्या जागेला त्यांनी ग्लू म्हटलं. आधीच्या माणसांनी ही वाट किती काळजीने करून ठेवली होती, हे मला एका आजोबांच्या 'म्हणजे?'नंतर समजावं, याचं वाईट वाटतं.

कोडमध्ये मांडताना सगळं सुखाचं असतं असं नाही. दिसत काहीच नाही. डोक्यात चित्र धरून ओळी लिहायच्या, चालवायचं, बघायचं, बंद करायचं, पुन्हा लिहायचं. मी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने पेट्या काढत होतो, आणि तरीही तिसऱ्या-चौथ्या पेटीनंतर आपण नक्की कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ता लागायचा नाही. मग प्रत्येक पेटीला तात्पुरती लाल किनार द्यायची. पडदा शाळेच्या नकाशासारखा दिसायला लागतो आणि चूक कुठे आहे ते सापडतं. एकदा तर विंडो पडद्याच्या बाहेरच गेली. उजवीकडची बटणं गायब, आणि ती लहान करायला गेलो तर होईना. दोन तास गेले. कारण निघालं एका प्रवासवर्णनाचं नाव, उपशीर्षकासकट लांबलचक. लेबलाने सांगितलं होतं, मला एका ओळीत एवढी रुंदी लागेल, आणि त्याच्या शब्दाला मान देऊन सगळी विंडो ताणली गेली होती. प्रत्येकाला विचारायचं म्हटलं की असाही एखादा निघतो. त्याला सांगावं लागलं की बाबा, तू दोन ओळींत बस. तक्त्यात मात्र दोन ओळी परवडणार नव्हत्या. तिथे नाव शेवटी तीन टिंबांवर थांबतं आणि माऊस नेला की पूर्ण दिसतं. हे मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पुस्तकाचं नाव वाचनालयात तरी अर्धं दिसू नये.

आणि बाईंनी पडद्यावर बोट ठेवून "हे इकडे घे" म्हणण्यातली गंमत गेली, हेही खरं. या वेळी त्यांना दाखवायला तीन आठवडे माझ्याकडे काही नव्हतं. फोनवर विचारायचो, "पुस्तक परत घेताना आधी काय बघता, तारीख की नाव?" त्या विचार करून म्हणाल्या, "आधी माणूस बघते रे." मग जरा वेळाने, "त्यानंतर तारीख." तारीख मी नावाच्या वर घेतली. डिझायनरच्या काळात मी त्यांना असं काही विचारलं नव्हतं. तेव्हा प्रश्न असायचा, हे बटण कुठे हवं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नवीन प्रोग्राम घेऊन गेलो. रस्त्यावर मंडपांचे बांबू उभे राहिले होते, वाचनालयाच्या दारापर्यंत वासे येऊन पडलेले. बाई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या, त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितलं. मी मॉनिटर माझ्याकडे वळवला. जुनाच पडदा चालू होता, आणि त्यावर लाल अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं, 'मुदत संपली'. क्षणभर मला कळेना. मग जवळ जाऊन पाहिलं. काचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर मार्करने एक उकार काढलेला होता, बरोबर म च्या खाली. विंडो नेहमी पडदाभर उघडायची, लेबल नेहमी त्याच जागी यायचं, त्यामुळे उकार रोज बिनचूक जागेवर पडत होता. बाकी कुठल्या शब्दाला त्यांनी टेप लावली नव्हती. फक्त या एकाला.

"लोक घाबरतात रे ते वाचून," फोन ठेवून बाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं असतात."

नवीन प्रोग्राम चढवायला वीस मिनिटं लागली. चालू केला, एका सभासदाचा क्रमांक टाकला. माहिती वर, तारीख वर, नाव दोन ओळींत, मुदत संपल्याची ओळ आता उजव्या बाजूला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि अक्षरं एक घर मोठी केली, मग आणखी एक घर. ओळी सरकत गेल्या, बटणं उजव्या कडेला तशीच उभी राहिली. त्या काही बोलल्या नाहीत, बघत राहिल्या. टेपवरचा उकार मात्र होता तिथेच होता. त्याच्या वर आता फोन नंबरमधला आठ आला होता. बाईंनी अंगठ्याच्या नखाने टेपचं एक टोक उचललं, हळूच ओढून काढली आणि काचेवर राहिलेला चिकटा पदराने पुसायला लागल्या.